डेव्ह ब्रुबेक : पाच, सात आणि नऊ मात्रांचा पियानोवाला

ठेकेदार (धागाकर्ता)

डेव्ह ब्रुबेक हा अमेरिकन जॅझ पियानोवादक, आणि 'टेक फाइव्ह' ही त्याच्या चौकडीची गाजलेली रचना. तालावरच्या दुसऱ्या धाग्यात 'टेक फाइव्ह म्हणजे जॅझमधला झपताल, ब्रुबेकने तो मुंबईत उचलला' असं एक वाक्य येऊन गेलं. त्यात तीन चुका आहेत. ती चर्चा तिथे अवांतर झाली असती, म्हणून हा वेगळा धागा.

चूक पहिली : 'टेक फाइव्ह' ब्रुबेकची रचना नाही. ती त्याच्या चौकडीतला सॅक्सोफोनवादक पॉल डेझमंड याची. चूक दुसरी : झपताल दहा मात्रांचा, विभाग २+३+२+३; 'टेक फाइव्ह' पाच मात्रांचं, विभाग ३+२. चूक तिसरी : पाच मात्रांचा हट्ट मुंबईतून आलेला नाही. ड्रमवादक जो मोरेलो कार्यक्रमाआधी हात मोकळे करताना पाचात वाजवायचा, डेझमंड त्यावर सूर धरायचा. ब्रुबेकने दोघांना सांगितलं, याचं काहीतरी करा. डेझमंडने दोन सुटे तुकडे आणले आणि ब्रुबेकने ते जोडून दिले.

आता माणसाविषयी. जन्म ६ डिसेंबर १९२०, कॅलिफोर्नियातलं कॉन्कर्ड. वडील गुरांच्या कुरणावरचे, आई पियानो शिकवणारी, तीही इंग्लंडला जाऊन शिकून आलेली. मुलगा १९३८ मध्ये स्टॉकटनच्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये गुरांचा डॉक्टर व्हायला गेला. मन प्रयोगशाळेत नाही हे ओळखून प्राणिशास्त्राच्या प्रमुखांनीच त्याला समोरच्या संगीत विभागात जायला सांगितलं. तिथे शेवटच्या वर्षाला उघडकीस आलं की याला नोटेशन वाचता येत नाही. सगळं कानावर चाललेलं. 'कधीही शिकवणार नाही' या बोलीवर १९४२ मध्ये पदवी मिळाली. ही गंमत म्हणून सांगतात, पण त्याचं पुढचं वाजवणं यातूनच कळतं. कागदावरून बोटांत उतरलेलं संगीत नव्हतंच, हाताखाली जे भरीव वाटेल ते पक्कं करत नेलेलं होतं.

मग युद्ध. युरोपात जनरल पॅटनच्या तिसऱ्या सैन्यात तो शिपाई होता. रेडक्रॉसच्या कार्यक्रमात पियानो वाजवायला कुणी आहे का म्हटल्यावर हात वर केला आणि आघाडीवर जाण्याऐवजी सैनिकांचा वाद्यवृंद उभारण्याचं काम मिळालं. त्या वृंदात गोरे आणि काळे एकत्र वाजवत. तेव्हाच्या अमेरिकी सैन्यात ही अपवादातली गोष्ट. परतल्यावर मिल्स कॉलेजात फ्रेंच रचनाकार डॅरियस मियो यांच्याकडे शिक्षण. थोरल्या मुलाचं नाव डॅरियस ठेवलं ते त्यांच्यावरून.

काळीदोन

रचनेच्या बांधणीवर लिहितो, पेटीवाल्यांना समजेल अशा भाषेत.

'टेक फाइव्ह'ची पट्टी काळी दोन (म्हणजे सप्तकातली दुसरी काळी, ई फ्लॅट), मायनर. कागदावर सहा फ्लॅट दिसतात म्हणून लोक घाबरतात. पेटीवर उलट सोपी आहे. काळी दोनला सा धरा, मग कोमल ग म्हणजे काळी तीन, म काळी चार, प काळी पाच, कोमल नि काळी एक. पाचही काळ्या पट्ट्या, म्हणजे आपल्या धानी रागाचेच सूर. वर मुखड्यात मध्यमावरून पंचमाकडे जाताना तीव्र मध्यमाचा (पांढरी सहा) निसटता स्पर्श आहे. ब्लूजची चव तिथून येते. तो सूर ठासून वाजवला की चाल बिघडते.

डावा हात : दोनच कॉर्ड (एकत्र दाबलेले सूर). काळी दोनचा मायनर तीन मात्रा, काळी पाचचा मायनर सेव्हन दोन मात्रा. कॉर्ड बदलतो तो चौथ्या मात्रेवर, ही रचनेची चावी. ऐकणाऱ्याला पाच मोजावे लागत नाहीत. 'बदलला', 'परत आला' एवढंच कळतं.

आराखडा २४ बारचा (बार म्हणजे इथे पाच मात्रांचं एक आवर्तन) : आठ मुखडा, आठ अंतरा, आठ मुखडा. अंतऱ्यात डावा हात साखळीत जातो, बहुतेक बारमध्ये दोन कॉर्ड, तेही ३+२ वर वाटलेले. पांढरी सातचा मेजर, काळी चारचा मायनर सिक्स्थ; मग काळी पाच मायनर, काळी दोन मायनर; मग काळी चार मायनर, काळी एकचा सेव्हन्थ; आणि काळी तीनच्या मेजरवर मुक्काम. हे परत एकदा, फक्त शेवटच्या बारला काळी तीनऐवजी पांढरी चार मायनर आणि काळी पाचचा सेव्हन्थ, म्हणजे घरी आणून सोडणारा. इथे चूक झाली की मुखडा परत सुरू होताना जमीन सरकल्यासारखी वाटते.

आणि एक : स्टुडिओतल्या मूळ ध्वनिमुद्रणात पियानोचा सोलो नाही. पियानोवाद्याच्या नावावर जगभर गाजलेल्या तबकडीत पियानोवाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठेका धरून बसलाय. डेझमंडचा सोलो आहे, मोरेलोचा आहे, आणि दोन्हीखाली तोच डावा हात. तबलजीच्या एकल वादनात लेहरा (आवर्तन दाखवत फिरून फिरून वाजणारी एकच सुरावट) धरणाऱ्याचं जे काम, तेच इथे ब्रुबेकचं.

नवखी_बोटं

काळीदोन, लेहऱ्याची उपमा पटली. एक प्रश्न. दोन्ही हात वेगवेगळे जमतात, एकत्र केले की चौथ्या-पाचव्या आवर्तनाला पाचाचे सहा होतात. मोजत असूनही. कशामुळे?

ठेकेदार

@नवखी_बोटं, सहा होण्याचं कारण बहुतेक वेळा एकच. तिनाचा तुकडा वॉल्ट्झसारखा वाजतो आणि कानाला त्याच्या जोडीला दुसरा तीनच हवा असतो. मग दोनाच्या शेवटी एक फालतू विश्रांती येते. दुसरं कारण असं की सूर समेच्या (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या) आधीच उचलायचा असतो. उचलायला उशीर झाला की हात वाट पाहतात आणि मात्रा वाढते.

उपाय क्रमाने :

१. पियानो बंद. तोंडाने 'धा धिं ना, धा ना' म्हणत पहिल्या आणि चौथ्या मात्रेला टाळी. १ ते ५ आकडे म्हणू नका. आकड्यांनी विभाग दिसत नाहीत.

२. मेट्रोनोम ८० वर, फक्त डावा हात, सलग पाच मिनिटं. कंटाळा यायला हवा. कंटाळा आला म्हणजे हात स्वतःहून चालू लागला.

३. आता मेट्रोनोम असा लावा की टिकटिक फक्त समेवर पडेल. ८० च्या लयीला पाच मात्रांत एक टोला, म्हणजे मिनिटाला १६. साध्या यंत्रावर एवढं खाली जाता येत नाही, मोबाइलवरच्या अॅपमध्ये पाचाचा बार लावून बाकीचे चार टोले बंद करता येतात. चूक इथे लगेच उघडी पडते.

४. उजवा हात जोडताना पूर्ण चाल नको. फक्त उचल आणि समेवरचा सूर, बाकी गप्प.

५. मग लय वाढवा. मूळ तबकडी १७० च्या आसपास आहे, पण १२० वर जे डगमगतं ते १७० वर जमल्यासारखं भासतं, एवढंच.

झपताल येत असेल तर त्याचा उपयोग आहे, फक्त सम हलवून. ठेका आहे धी ना | धी धी ना | ती ना | धी धी ना. तिसऱ्या मात्रेपासून सुरू करा : धी धी ना | ती ना | धी धी ना | धी ना. हे ३+२+३+२ झालं. पण खालीचं (आवर्तनाच्या मधल्या हलक्या मात्रेचं) वजन डोक्यातून काढा. जॅझमध्ये खाली नाही, दर पाच मात्रांना सारखीच सम येते. तबला शिकलेली मंडळी दहाचं आवर्तन धरून बसतात आणि दुसऱ्या पाचाला हात हलका करतात, मग ड्रमवाला गोंधळतो.

आणि मात्रेचे दोन भाग सरळ नाहीत. पहिला लांब, दुसरा आखूड, साधारण २:१. सरळ वाजवलं की बँडबाजा होतो.

विसंवादी

चालू द्या, पण थोडा विरोधी सूर. ब्रुबेक 'स्विंग' करत नाही (म्हणजे वाजवणं झुलतं नाही), हात जड आहे, हे त्या काळच्या समीक्षकांनी वारंवार लिहिलं आणि ते अगदीच खोटं नव्हतं. सोलोच्या शेवटाकडे दोन्ही हातांनी कॉर्डवर कॉर्ड रचत जाणं, आवाज चढवत नेणं, ही सवय आहेच. डेझमंडचा सूर इतका कोरडा आणि हलका की त्याच्या शेजारी पियानो आणखीच दणकट वाटतो.

दुसरं, ८ नोव्हेंबर १९५४ च्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर हा झळकला. ज्येष्ठ कृष्णवर्णीय जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनच्या आधी! ते पाहून खुद्द ब्रुबेक ओशाळला होता. दोघे एकाच दौऱ्यावर होते आणि अंक हातात घेऊन दार ठोठावायला आले ते एलिंग्टनच. गोरा, कॉलेजात शिकलेला, चष्मेवाला पियानिस्ट नियतकालिकांना सोयीचा होता, हेही लिहायला हवं.

काळीदोन

जड हाताबद्दल सहमत, पण कारण पुरतं सांगा की. १९५१ मध्ये हवाईत समुद्रात सूर मारताना मानेचे मणके आणि मज्जारज्जू दुखावले. पुढे कित्येक वर्षं हातांत वेदना होत्या. वेगाच्या एकेरी ताना कमी होऊन भरीव कॉर्डकडे वळण्यात त्याचा वाटा आहे. शिवाय मियोकडून आलेली सवय : दोन हात दोन पट्ट्यांत.

हे करून बघायचं असेल तर : डाव्या हातात पांढरी एकचा मेजर, उजव्यात पांढरी दोनचा मेजर. कानाला खुपत नाही, उलट चमकदार वाटतं. कारण वरचे तिन्ही सूर खालच्या कॉर्डचे लांबचे नातेवाईकच आहेत. आता उजवा हात काळी तीनच्या मेजरवर न्या. कर्कश. या दोन टोकांच्या मधे तो खेळतो. लोकांची चूक अशी होते की डावा हात फार खाली नेतात. पियानोच्या खालच्या दोन सप्तकांत पूर्ण कॉर्ड दाबला की चिखल. तिथे फक्त सा-प ठेवा, गंधार वर घ्या.

आणि सुरावटीची कोवळीक पाहायची तर 'इन युअर ओन स्वीट वे' ऐका. १९५६ मध्ये ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसने ती वाजवली. जड हाताच्या माणसाची रचना माइल्स उगाच उचलणार नाही.

विसंवादी

रचनाकार म्हणून उजवा, हे मान्य. वादक म्हणून मत कायम. :)

जुनी_तबकडी

'टेक फाइव्ह' ज्या अल्बमात आहे त्या 'टाइम आउट'च्या मुद्रणाचे तपशील. न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाचा ३० व्या रस्त्यावरचा स्टुडिओ (पूर्वीचं चर्च, छत उंच, त्यामुळे ड्रमभोवती तो हवेशीर घुमारा). निर्माता तेओ मासेरो. तीन दिवस : २५ जून, १ जुलै आणि १८ ऑगस्ट १९५९. बाजारात डिसेंबरमध्ये.

@नवखी_बोटं यांना दिलासा : २५ जूनला 'टेक फाइव्ह'चे वीसहून अधिक प्रयत्न झाले आणि एकही पुरा जमला नाही. ठेका तुटत होता, मोरेलोसारख्याचा. सोडून दिलं आणि १ जुलैला जमलं.

कंपनीच्या विक्रीवाल्यांना तीन आक्षेप होते. सगळ्या रचना स्वतःच्या, लोकांच्या ओळखीचं एकही गाणं नाही. नाचता येणार नाही असे ताल. आणि मुखपृष्ठावर माणसांच्या फोटोऐवजी चित्र (नील फुजिता यांचं). तडजोड म्हणून आधी लोकप्रिय गाण्यांची एक सरळ तबकडी करून घेतली. कंपनीचे अध्यक्ष गॉडर्ड लीबरसन पाठीशी होते म्हणून 'टाइम आउट' निघाली. १९६१ मध्ये 'टेक फाइव्ह'ची छोटी तबकडी बिलबोर्डच्या यादीत २५ व्या क्रमांकापर्यंत गेली, आणि अल्बम दुसऱ्या क्रमांकापर्यंत. दहा लाख प्रती खपलेला हा पहिला जॅझ अल्बम म्हणून त्याचं नाव घेतात.

डेझमंड १९७७ मध्ये गेला. आपल्या रचनांचं मानधन त्याने मृत्युपत्रात अमेरिकन रेडक्रॉसला दिलं. 'टेक फाइव्ह' कुठेही वाजलं की पैसे आजही तिकडे जातात.

अवांतर : त्याच अल्बममधला 'कॅथीज वॉल्ट्झ' मुलीसाठी केलेला, पण तिचं नाव 'सी'ने लिहितात आणि छापलं गेलं 'के'ने. चूक कायमची चिकटली.

पायपेटी

मग मुंबईचा संबंध काहीच नाही का? ब्रुबेक इथे आला होता असं ऐकून आहे.

ठेकेदार

आला होता. १९५८. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने शीतयुद्धाच्या काळात जॅझवाल्यांना 'राजदूत' म्हणून फिरवलं, त्यातला हा दौरा. पोलंड, तुर्कस्तान, भारत, श्रीलंका, पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण, इराक. मुंबईत सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवणं झालं, त्याचा आपल्या वाजवण्यावर परिणाम झाल्याचं ब्रुबेकने नंतर सांगितलं आहे. परतल्यावर निघालेल्या 'जॅझ इम्प्रेशन्स ऑफ युरेशिया'मध्ये 'कलकत्ता ब्लूज' आहे. कॉर्ड फारसे न बदलता एकाच सुराभोवती फिरत राहायचं, ही आपल्याकडची चाल त्यात दिसते. म्हणजे भारतातून आलेली गोष्ट असलीच तर ती आधारस्वराची, मात्रांची नव्हे.

मात्रा आल्या इस्तंबूलहून. रस्त्यावर वाजवणारे वादक नऊ मात्रा २+२+२+३ अशा मोडत होते. ब्रुबेकने तिथल्या रेडिओच्या वादकांना विचारलं, तर ते सगळेच सहज तो ठेका धरू लागले. तुम्हाला ब्लूज जसा, तसा आम्हाला हा, असं उत्तर मिळालं. त्यातून 'ब्लू राँडो आ ला तुर्क'. मोझार्टच्या तुर्की राँडोचं हे जॅझ रूप, असं पुष्कळजण समजतात. नावाची थट्टा सोडली तर त्याच्याशी संबंध नाही.

वाजवायला ही 'टेक फाइव्ह'पेक्षा अवघड. चार बारचा ढाचा कर्नाटकी बोलांत लगेच बसतो ('तक' म्हणजे दोन मात्रा, 'तकिट' म्हणजे तीन) :

तक तक तक तकिट
तक तक तक तकिट
तक तक तक तकिट
तकिट तकिट तकिट

प्रत्येक ओळ नऊच. चौथी ओळ ३+३+३. तिथेच माणसं घसरतात, कारण तीन वेळा ऐकून हात चौथ्यांदाही 'तक'च वाजवतो. चौथी ओळ आधी वेगळी पक्की करा, मग तिसरीला जोडून, मग पूर्ण. शेवटाकडून मागे यायचं.

पुढे सोलो येतात ते साध्या चारात, बारा बारच्या ब्लूजवर. मधल्या सांध्यावर दोन बार नऊचे आणि दोन बार चारचे असं आलटून पालटून येतं. नऊ सरळ, टोकदार वाजवायचे, चार झुलते. नऊमध्येही झुलवलं तर तुर्की भाग ढेपाळतो, आणि चारात सरळ राहिलं तर ब्लूज मिलिटरी बँड होतो. लय तीच ठेवून फक्त वागणूक बदलायची.

नवखी_बोटं

'धा धिं ना, धा ना' सुरू केलं. आकडे सोडल्यावर फरक कळतोय. धन्यवाद.

'टाइम आउट'मधलं 'थ्री टु गेट रेडी' दीपचंदी (चौदा मात्रांचा ताल) आहे का? चौदाच होतात.

काळीदोन

बेरीज चौदा, पण नाही. दीपचंदी ३+४+३+४. इथे पहिल्यांदा सगळा मुखडा साध्या वॉल्ट्झमध्ये येतो, मग दोन बार तीनाचे, दोन बार चाराचे : ३+३+४+४. धमारशीही (५+२+३+४) जुळत नाही. बेरजेवरून ताल ओळखायला गेलं की असंच होतं. सोलोत एक सोय आहे, चाराच्या दोन बारांत पियानो किंवा सॅक्स गप्प बसून ड्रमला जागा देतात. तुम्हीही तसंच करा, निम्मा त्रास वाचतो.

जुनी_तबकडी

कारकिर्दीतल्या दोन गोष्टी राहून गेल्या.

एक, कॉलेजांचा मार्ग. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला क्लबांतल्या धुरात रात्रीचे चार-चार खेळ करण्यापेक्षा कॉलेजांच्या सभागृहात वाजवावं, ही कल्पना पत्नी आयोलाची. तिने शंभराहून अधिक कॉलेजांना पत्रं धाडली. श्रोते बसून ऐकणारे, पैसे ठरलेले, आणि तिथेच ध्वनिमुद्रण. १९५३ चं ओबर्लिन कॉलेजातलं मुद्रण त्यातलंच. @विसंवादी, तो पियानो ऐका आणि मग हात जड म्हणा.

दोन, बासवादक यूजीन राइट. तो १९५८ मध्ये आला आणि डेझमंड-मोरेलो-राइट-ब्रुबेक ही चौकडी १९६७ अखेरपर्यंत टिकली. राइट कृष्णवर्णीय. १९६० मध्ये दक्षिणेतल्या २५ कॉलेजांचा दौरा ठरला होता, बहुतेकांनी गोरा बासवादक आणा म्हणून कळवलं. ब्रुबेकने माणूस बदलला नाही, दौरा सोडला. टीव्हीच्या एका कार्यक्रमात राइटला कॅमेऱ्याबाहेर उभं करणार असं कळलं तेव्हा तोही सोडला. तेव्हाच्या हिशेबाने हे मोठं नुकसान होतं. याच काळात आयोलाच्या शब्दांसह ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँगसाठी केलेलं संगीतनाट्य 'द रिअल अँबॅसडर्स' १९६२ मध्ये माँटेरेला सादर झालं. परराष्ट्र खातं ज्यांना परदेशी मिरवतं त्यांना घरी काय वागणूक मिळते, हा त्याचा विषय.

चौकडी मोडल्यावर ब्रुबेक मोठ्या वृंदगायनाच्या रचनांकडे वळला. 'द लाइट इन द विल्डरनेस' (१९६८), मग 'द गेट्स ऑफ जस्टिस' (१९६९). त्या फार कुणी ऐकत नाही. पुढे मुलांबरोबर वाजवणं, १९८८ मध्ये मॉस्कोत रेगन-गोर्बाचेव्ह भेटीच्या वेळचा कार्यक्रम, २००९ मध्ये केनेडी सेंटरचा सन्मान. ५ डिसेंबर २०१२ ला, ९२ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी निधन.

विसंवादी

ओबर्लिन ऐकलं. पहिल्या बाजूपुरती माघार. दुसऱ्या बाजूला पुन्हा हातोडा आहेच.

पायपेटी

सातवालं कुणी सांगितलंच नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनाला पंधरा-वीस मुलांकडून वाद्यांशिवाय काही करून घ्यायचंय. जमेल का?

ठेकेदार

'अनस्क्वेअर डान्स', १९६१, 'टाइम फर्दर आउट' अल्बम. तुमच्या कामासाठीच केल्यासारखी आहे. जेमतेम दोन मिनिटं, सात मात्रा २+२+३, आणि टाळ्या मूळ रचनेतच आहेत. बास वाजतो १, ३, ५ वर. टाळी २, ४, ६, ७ वर.

मुलांचे दोन गट करा. पहिला गट १, ३, ५ ला पाय आपटेल, दुसरा २, ४, ६, ७ ला टाळी. म्हणजे आपट-टाळी, आपट-टाळी, आपट-टाळी-टाळी. रूपक (सात मात्रांचा ताल) शिकणारी मुलं असतील तर त्यांना सांगा : ती ती ना | धी ना | धी ना हा ठेका चौथ्या मात्रेपासून धरायचा, धी ना | धी ना | ती ती ना. मात्र खालीवर सम मानायची सवय त्यांना इथे नडेल. त्यांना पायांच्या गटात घाला, टाळ्यांच्या नको.

बिघडेल ते सातव्या मात्रेवर. शेवटच्या दोन टाळ्या मुलं घाईने एकत्र मारतात आणि सातचे साडेसहा होतात. त्यासाठी सहावी टाळी छातीसमोर, सातवी डोक्यावर, असं ठेवा. हात वर जायला जो वेळ लागतो तेवढाच नेमका हवा असतो. लय १०० ने सुरू करा, मूळ वेगाच्या मागे लागू नका.

पायपेटी

डोक्यावरची टाळी! उद्याच करून बघतो. पायांसाठी बूट की अनवाणी?

काळीदोन

लाकडी रंगमंच असेल तर अनवाणी, टाच मारायची. फरशी असेल तर बूट, नाहीतर १-३-५ मागच्या रांगेला ऐकूच येणार नाही.